ताइस्तोचा मंगळवार

उणे एकोणीस. ओउलूबाहेर सगळं गोठलेलं,
कंपोस्टचे ढीग तेवढे जिवंत:
आत पासष्ट अंश, वर वाफ,
वाफेत पाय शेकत बसलेले कावळे.

ताइस्तो लोडर घालतो, उपसतो, उलटतो
कॉफीचा चोथा, बटाट्याची सालं,
नाताळच्या झाडांचा भुगा,
त्यात एखादा चंदेरी दोरा अजून चमकणारा.
काच धुरकटते, म्हणून खिडकी उघडीच.
मास्क आरशाला टांगलेला.
दाढीत बर्फ होतो त्यानं, म्हणतो.

मी पंप लावला होता त्याच्या कमरेला,
नळी कॉलरपर्यंत, नाकापासून वीतभर.
आठ तास तो पंप त्याच्याबरोबर श्वास घेत राहिला.

शुक्रवारी बशी घेऊन आले.
राखी-हिरवी बुरशी, कडेला पांढरी, मखमलीसारखी.
मोजायला जागा उरली नव्हती.

त्यानं हातमोजा काढला, बशी उजेडाकडे धरली.
"हा माझा मंगळवार?"
"शंभरपट पातळ केलेला."

मग बराच वेळ काही नाही.

"इर्याला वाटतं, मी चोरून सिगारेट ओढतो.
रविवारी खोकला नसतो ना.
सोमवारी रात्री येतो, जोडे न काढता."

झाकण घट्ट आहे ना, मी पुन्हा पाहिलं.
अहवालातला आकडा सांगितला.
त्यानं मान हलवली,
परक्या शहराची लोकसंख्या ऐकावी तशी.

मग लोडरमध्ये चढला,
आरशावरचा मास्क काढला,
आत जोरात फुंकर मारली,

आणि जे उडालं ते
तिरप्या उन्हात दोघांनाही दिसलं.