आतल्या पत्र्यावर

नवतपा सुरू आहे.
सक्करदऱ्यातल्या आमच्या दुकानात
अर्ध्या भागात कूलर, अर्ध्या भागात मी
आणि लॅपटॉपची उघडी पोटं.
बाबांच्या मते दोन्ही एकच धंदा :
पंखा, धूळ अन् गिऱ्हाइकाची घाई.

सकाळपासून लोक येतात
आणि यंत्र ठेवायच्या आधी
टेबलावर मत ठेवतात.

निखाडे सर म्हणाले,
"फुकटची सिस्टिम टाकू नको वो बाई,
जगात फुकट कोणी काही देते का?"
एवढं सांगेस्तोवर आमच्या माठातला
दुसरा गिलास पिऊन झाला त्यांचा.

ढोबळे काकू प्रिंटर काखेत घेऊन आल्या.
शाई आहे, कागद आहे, तरी छापत नाही,
म्हणते, हे कार्ट्रिज माझ्या कंपनीचं नाही.
"पोरीच्या लग्नात
आम्ही एवढी चौकशी नव्हती केली."

मीही काही साधू नाही.
माझा फोन डिंकानं चिकटवलेला आहे,
उघडायला गेलं की काच जाते,
तीन हप्ते बाकी आहेत
आणि कॅमेरा, खरं सांगते, फार छान आहे.

सरांच्या जुन्या डब्ब्यात शेवटी लिनक्सच टाकलं.
दोन संध्याकाळी आवाजच येईना.
अकरा वर्षांपूर्वी कुण्या अनोळखी माणसानं
आपल्यासारख्याच वैतागलेल्या कुणासाठी
लिहून ठेवलेली एक ओळ सापडली,
तेव्हा कुठे ते खाकरलं.
मजुरी घेतली साडेतीनशे.
"अन् सिस्टिमचे?"
"काहीच नाही, सर."
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं गवळ्यानं सांगावं, आज दुधात पाणी नाही.

मग प्रज्योत. डोक्यावर हेल्मेट तसंच.
डबे पोचवून जमवलेल्या पैशातून
दोन वर्षांमागे घेतलेला गेम
सोमवारी कंपनीनं बंद करून टाकला.
चित्र जागेवर आहे, दाबलं की नुसतं गोल फिरते.
"पावती आहे न माह्याजवळ!
विकत घेतला होता न मी?"

पावतीच्या खालचं बारीक अक्षर मी वाचून दाखवलं :
खेळ नव्हता घेतला त्यानं,
खेळू देण्याची परवानगी घेतली होती.

बाबा ताटीतलं जुनं गवत उपसत होते.
मान वर न करता म्हणाले,
"हे तं नझूलच्या प्लॉटासारखं झालं.
घर आपलं, जागा त्यायची."

प्रज्योत हसला नाही.
गेला पण नाही. आमच्या कूलरसमोर
स्टूल ओढून बसून राहिला, हवा खात.

तीनच्या सुमाराला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना,
कामठीहून एक कूलर आला रिक्षात पडून.
गंजलेला, एक पाय विटेवर ठेवावा लागला.
बाबांनी मागची जाळी काढली
अन् थांबले.

आतल्या पत्र्यावर खिळ्यानं कोरलेलं होतं :
पंप बदलला. लाल वायर न्यूट्रल आहे, सांभाळून.
इद्रिस, कामठी, मे ९६.
त्याखाली दुसऱ्याच हाताचं :
गळला तर डावा कोपरा पाहा.
याला नाव नव्हतं.

पाणी भरलं.
डाव्या कोपऱ्यातूनच गळला.

बाबांनी तिथं डांबर लावलं, नवी ताटी बसवली,
मोटरला ग्रीस दिलं, एकही शब्द न बोलता.
मग माझ्या हातात खिळा दिला.
"लिही. तुह्यं अक्षर बरं आहे."
"काय लिहू?"
"जे केलं ते लिही. पुढच्यानं उघडलं तं
त्याले पहिल्यापासून नको शोधा लागाले."

आत अंधार होता.
प्रज्योत उठला, मोबाइलचा टॉर्च लावून धरला,
त्याच मोबाइलचा, गोल फिरणाऱ्या.
मी इद्रिसच्या खाली जागा शोधली,
पत्रा कुरकुरला, पहिलंच अक्षर वाकडं आलं.

"ताई, लवकर लिही," तो म्हणाला,
"चारच टक्के उरली."