कास

त्सेन्झीची कास दगड झाली होती,
मागचा डावा सड लाल, धारेत गुठळ्या.
हागेनम्युलरने बाटली दिव्यापुढे धरली:
"मधमाशीपासून केलंय, डॉक्टरीणबाई.
शंभरपट पातळ, असं तीसदा."

मी गुरांची डॉक्टर, गणित बेताचं,
तरी गोठ्याच्या पाटीवर
एकावर साठ शून्यं मांडली, खडू संपेतो.
म्हटलं, पृथ्वीवरचे सगळे समुद्र ओतलेस
तरी एवढं पाणी भरायचं नाही.
तो म्हणाला, "गायीला कुठे आकडे येतात?"
आणि पाच पांढऱ्या गोळ्या तिच्या गालफडात सरकवल्या.

तिसऱ्या दिवशी कास मऊ.

मग मीच पैज लावली.
केम्प्टनच्या औषधविक्रेतीने बाटल्या भरल्या,
काहींत मधमाशी, काहींत नुसती साखर.
कुठली कोणती, ते लिफाफ्यात,
लिफाफ्यावर लाख.
दोन हिवाळे, बारा गोठे, एकेचाळीस गायी.

साखरेवर बऱ्या झाल्या चौदा.
मधमाशीवर तेरा.

तो कागदाकडे बघत राहिला,
नुकत्या जन्मलेल्या वासराचा श्वास बघावा तसा.
"मग बरं कोणी केलं?"

त्याची वही माझ्याकडे होती.
रात्री एक, चार, सात: गोळ्या दिल्या.
आणि खाली बारीक अक्षरात,
जणू सांगण्याजोगं काही नाही:
कास पिळून मोकळी केली. शेकली.
म्हटलं, तुझ्या हाताला गुण आहे, आलोइस.
त्याने भेगाळलेले तळवे उलटसुलट करून पाहिले
आणि खिशात घातले.

पण लिस्ललाही हेच हात होते.
याच गोळ्या, हाच गजर.
तिसऱ्या सकाळी कान थंडगार, डोळे खोल.
अजून एक दिवस बघू, असं म्हणणारी
मी होते, तो नव्हे.
वहीच्या शेवटच्या रकान्यात तिचा नंबर लिहिला.
ती कुठल्या बाटलीतली, ते त्याने विचारलं नाही.
मला माहीत आहे.

आता तो पहिल्याच दिवशी फोन करतो.
मी सुई टोचते, पाच दिवसांचं दूध गटारात जातं,
तो शिव्या घालतो, सही करतो.

बाटली अजून खिडकीत आहे, रिकामी.
फेकत का नाहीस, मी एकदा विचारलं.
"पहाटे चारला उठायला," म्हणाला,
"काहीतरी लागतं ना."