पाणी कुठी जाते

एप्रिलच्या पहिल्या रविवारी
आमचा कूलर माळ्यावरून खाली यायचा,
हिरव्या पत्र्याचा, तीन पाय गंजलेले, चौथ्याखाली वीट.
गोळीबार चौकातल्या त्या दीड खोलीत
ओल्या वाळ्याचा वास दुपारभर मागावर बसून राहायचा,
आणि मागाचा खटका, पंपाची गुरगुर
या दोन आवाजांवर आम्ही भावंडं झोपायचो.

माझं काम एकच, टाकी भरणं.
सकाळी आठ बादल्या, दुपारी चार.
नळ एक दिवसाआड, रांगेत भांडणं,
म्हणून मी बादल्या मांडून ठेवायचे
गणिताच्या वहीत, मागच्या पानावर.
बारा ओतल्या. खाली थेंब नाही गळला.
संध्याकाळी टाकीत उरलं चार बोटं.

"बाबा, पाणी कुठी जाते?"
"कूलर पेते," बाबा म्हणाले, धोटा फेकत.
"मंग मुतत काहून नाही?"
आईनं पाठीत धपाटा घातला.
उत्तर तिच्याकडंही नव्हतं.

एकदा ऐन मे महिन्यात पंप बसला.
मिस्त्री गुलाबजी हेडाऊ येईपर्यंत मला दम निघेना.
आईच्या कात्रीच्या टोकानं चार स्क्रू काढले;
पाचव्याला मी थेट माठाजवळ जाऊन पडले,
बोटांत मुंग्यांचं अख्खं वारूळ.
गुलाबजींनी येऊन आधी प्लग उपसला, मग मला पाहिलं.
"पोट्टे, पहिले वायर काढाव, मंग अक्कल लावाव."
हे वाक्य आज माझ्या टेबलामागं भिंतीवर लावलंय.
नव्या पोरांना वाटतं, कुण्या मोठ्या माणसाचं असेल.
आहेच.

पण खरी झोप उडवली जुलैनं.
तोच कूलर, तोच वाळा,
आणि हवा मात्र अंगाला चिकटलेली.
बादल्या मोजल्या तर दिवसाला तीन!
कमी पितो, म्हणून कमी गार करतो,
की कमी गार करतो, म्हणून कमी पितो?
झिलपे सरांकडून शाळेचे दोन थर्मामीटर मागून आणले,
एकाच्या पोटाला बांधली
मागाखाली पडलेली सुती चिंधी, भिजवून.
पुढच्या मे महिन्यात, दुपारी तीन वाजता :
उघडा पंचेचाळीस, चिंधीवाला तेवीस.
जुलैत : तीस आणि सव्वीस.
मधल्या त्या बावीस अंशांतून
पाणी जात होतं.
मी वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा पाहिलं.
एवढा आनंद मला नंतर डिग्रीच्या कागदानंही दिला नाही.

मागाचा खटका माझ्या दहावीत थांबला.
बाबा इतवारीत साडीच्या दुकानाबाहेर
टोपी घालून उभे राहू लागले.
कॉलेजची फी त्या टोपीतून आली,
यावर मला जास्त लिहिता येत नाही.

आता मी कोराडीला असते, कूलिंग टॉवरवर.
आत शिरलं की तोच ओला आवाज,
फक्त वाळ्याच्या जागी प्लास्टिकच्या जाळ्या,
आणि एकेका युनिटमागं
तासाला लाखभर बादल्या हवेत.
अजूनही मी बादल्यांतच मोजते, चोरून.
ऑफिसात घनमीटर सांगते.

मागच्या उन्हाळ्यात आईला दाखवायला नेलं.
हेल्मेट तिला मोठं होत होतं.
सांगितलं, हे पाणी आपल्याच गावचं,
गटाराचं, भांडेवाडीला गाळून, धुऊन आणलेलं.
"म्हंजे मी मोरीत सांडवलेलं?"
"हाव."
ती बराच वेळ टॉवरच्या तोंडाकडं बघत राहिली.
पांढरी वाफ वर चढत होती
आणि थोड्या उंचीवर नुसतं आभाळ उरत होतं.
मग मला कोपरानं ढोसून म्हणाली,
"अन् मंग थे तिथून कुठी जाते?"

धपाट्याची पाळी आता माझी होती.
पण मी सांगत बसले.
घरी परतायला रात्र झाली.