भट्टीचा उतारा

भवानी पेठेतल्या रात्रशाळेत
साडेआठचा तास रसायनशास्त्राचा.
शेवटच्या बाकावर इक्बाल पेंगतो,
दिवसभर टिंबर मार्केटात करवतीपुढे उभा असतो.
मी फळ्यावर लिहिते:
चुनखडी, बाण, चुना,
आणि शेजारी वर तोंड केलेला छोटा बाण, वायूचा.
डावीकडे शंभर.
उजवीकडे छप्पन अधिक चव्वेचाळीस.

"दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत," मी सांगते,
"आधी मोल काढा, मग किलो.
निसर्ग उधारी ठेवत नाही."
हे वाक्य मी दरवर्षी म्हणते.
दरवर्षी कोणी लिहून घेत नाही.

मालन वाघचौरे मात्र पेन खाली ठेवते.
वय बेचाळीस, दिवसा मंगल कार्यालयात पोळ्या लाटते,
नखांच्या कडेला कणीक वाळलेली.
"बाई, बारा क्विंटल दगड भाजला
तर चुना किती उतरंल?"

असलं उदाहरण पुस्तकात नाही.
"का गं?"
"काढा तर."

काढलं. बाराशे गुणिले छप्पन, भागिले शंभर.
सहाशे बाहत्तर किलो.
दगड शुद्ध धरला तर, मी म्हणाले,
तो तसा कधीच नसतो, पण परीक्षेत धरतात.

ती आकड्याकडे बघत राहिली,
एखाद्या गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तशी.

"माझा बाप मुंढव्याच्या पुढं चुनाभट्टीवर होता. गेनबा.
जुना मुनीम वारला, नवा आला. शिकलेला.
आल्या आल्या काटा करायला लावला.
आत बारा क्विंटल, बाहेर सहाशे सत्तर.
म्हणाला, पाचशे तीस किलो कुठं विकलास?
बाप म्हणाला, साहेब, दगड भाजला की हलका होतो.
मुनीम हसला. म्हणाला, मलाच चुना लावतोस?
अकरा आठवड्यांची मजुरी ठेवून घेतली.
बाप मरेस्तोवर सांगायचा, हलका होतो, हलका होतो.
आम्हालाबी खरं वाटायचं नाही."

वर्गात पंख्याचा खडखडाट तेवढा.
मी खडू उचलला आणि त्या छोट्या बाणाभोवती
गोल केला. एकदा. मग पुन्हा.
पाचशे अठ्ठावीस किलो इथून गेले, मालन.
वर. कुणाच्याही डोळ्यांदेखत.
वास नाही, रंग नाही, पावती नाही.

इक्बाल कधी जागा झाला कोण जाणे.
"पण मॅडम, दोन किलो चुकतात.
अठ्ठावीस, आणि मुनीम म्हणतो तीस."

मी ओलावा, धूळ, काट्याची चूक
असं काहीतरी सुरू करणार,
तेवढ्यात मालन तोंडाला पदर लावून हसली.
"ते दोन आणले होते त्यानं.
डालड्याच्या डब्यात.
त्या दिवाळीला आमची एक भिंत पांढरी झालती."

शाळा सुटली. स्वारगेटवरून कात्रजची शेवटची बस,
खिडकीची काच अडकलेली.
मी तिकिटाच्या पाठीवर मांडत बसले:
दोन किलो चुना, पाण्यात विरवलेला,
भिंतीला फासला की हवेतून
गेलेला वायू पुन्हा ओढून घेतो.
घाई नाही त्याला, महिने लागतात.
छप्पनला चव्वेचाळीस, तर दोनला किती?
एक पूर्णांक पाचशे एकाहत्तर.
म्हणजे ती भिंत, गेनबाच्या खोलीची,
वरून परत दगड झाली होती,
साडेतीन किलोंहून थोडी जास्त,
आणि घरात कुणी काही वजन केलं नाही.

पद्मावतीला दिवे गेलेले.
अंधारात आठवलं, उत्तरापुढे एकक राहिलं.
पोरांचा अर्धा गुण मी त्यासाठी कापते.
चाचपडत लिहिलं:
किलो.