सात मिनिटं जास्त

गच्चीची किल्ली भोईरमामांकडे,
आणि ती मागण्याआधी
त्यांच्या गुडघ्याची चौकशी करावी लागते.
तेवीस सप्टेंबर. दारुखान्यामागची शाळा.
सातवी ब, एकोणतीस हजर,
सगळे माझ्या मागून जिना चढतायत
आणि मी म्हणतेय, हळू, हळू, कठड्याला हात नाही.

सळई आणली सरफराजनं,
मामाच्या वखारीतून, फोडलेल्या जहाजाची.
"बाई, ही समुद्र फिरून आलीये."
आता ती रंगाच्या बादलीत, वाळूत उभी,
बरोबर एक मीटर वर.
सरळ आहे का बघायला
गच्चीचंच कुलूप दोऱ्याला बांधून सोडलं.

दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकाशी
खडूची एक फुली.

मधल्या वेळात मी ऋतू शिकवते.
वर्गात एका संस्थेनं दिलेला तक्ता आहे,
त्यात शरद म्हणजे लाल पानं, लोकरी टोपी घातलेली खार.
आपल्याकडे बदामाचं पान लाल होतं
ते थेट जानेवारीत. मग आत्ता काय बदललं? सांगा.

"भिंतीवरच्या शेवाळाचा पापड झाला."
"चड्ड्या वाळतात, बाई." (हशा.)
"चतुर आलेत, आमच्या केबलच्या तारेवर रांगेत बसतात."
"अब्बा ताडपत्री काढत नाहीत,
म्हणतात, परतीचा अजून हिशोब बाकी आहे."
जेनेविव्ह हात वर करून नुसतीच उभी राहते,
मग म्हणते,
"दुपारी जिन्यात ऊन येतं. आधी येत नव्हतं."
तिला मी वहीत लिहायला सांगते, तारखेसकट.

साडेबाराला सावली सगळ्यांत आखूड:
दोन विती, त्याही त्यांच्या हातांच्या,
टोक शिवडीकडे.
मग ती हळूच बंदराकडे सरकायला लागली.
अडीचला सगळ्या फुल्यांवरून दोरा ताणला,
भायखळ्याच्या बाजूनं बंदराच्या बाजूपर्यंत,
आणि एकही फुली दोरा सोडून गेली नाही.
"वाकलीच नाही, बाई!"
वर्षात दोनदाच ती अशी सरळ चालते.
बाकीचे दिवस वाक असतो,
कधी या बाजूला, कधी त्या.

खाली येऊन मी फळ्यावर लिहिलं:
दिवस = रात्र.
तस्कीनचे वडील पेपर टाकतात,
तिच्या दप्तरात आजचा होता.
"उगवला सहा सत्तावीसला,
मावळला, म्हणजे मावळणार, सहा चौतीसला.
बाई, सात मिनिटं जास्त आहेत."

सात मिनिटं. मी खडू खाली ठेवला.
हवा उजेडाला वाकवते, म्हटलं,
सूर्य अजून खाली असतो तेव्हाच दिसायला लागतो,
आणि आपण मोजतो पहिल्या कडेपासून शेवटच्या कडेपर्यंत.
खरी बरोबरी चार-पाच दिवसांनी.
मग बरोबरचं चिन्ह बोटानं पुसून
तिथे दोन लाटा काढल्या. जवळजवळ.
तस्कीनला ते पटलं नाही. तिनं पेपर घडी घालून ठेवला.

प्रज्योत सहसा विचारत नाही.
"म्हणजे आता रात्र वाढणार?"
हो, डिसेंबरपर्यंत.
"बाबा कॉटन ग्रीनला गोदामावर असतात, आठ ते आठ.
अंधार वाढला तर पगार वाढतो?"

कोणी हसलं नाही.
मी म्हणाले, नाही. ड्यूटी घड्याळावर असते.
"मग वाढून काय उपयोग," तो म्हणाला, आणि घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेतून
तो सरळ माझ्याकडे आला.
"बाबांना सांगितलं मी, सळई, सावली, सगळं.
ते म्हणाले, मला ठाऊक आहे.
पावसाआधी सहाच्या राउंडला कुलपं नुसती दिसायची,
आता टॉर्च लागतो."

निरीक्षण वहीत फुल्यांच्या खाली
एक ओळ रिकामी होती. तिथे ते लिहिलं.
निरीक्षक: प्रज्योतचे वडील.
साधन: टॉर्च.
"आणि सेल संपत आलेत म्हणाले," प्रज्योत म्हणाला,
"तेही लिहा."