पांढरा बंपर

लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बाबा ब्लीच ओततात,
बोटभर, मग थांबून अजून बोटभर.
मोजून घ्या, मी म्हणते.
एकतीस वर्षं मोजलंच की, म्हणतात,
टाकीचं तापमान, करंट, मिनिटं.
आता अंदाजपंचे.

ग्रँड रॅपिड्सवर तीन दिवसांचा बर्फ साचलाय.
तळघरात भट्टीची घरघर.
खोक्यावरच्या चित्रात निळा पिकअप,
बंपर असा लखलखीत
की अख्खं आकाश त्यात आडवं झालंय.

चिमट्यानं एकेक भाग सोडतात बरणीत:
पुढचा बंपर, मागचा, जाळी,
चाकांच्या टोप्या, करंगळीच्या नखाएवढ्या.
बारीक बुडबुडे.
कडांपासून चांदी विरत जाते
आणि मी चहाचा दुसरा घोट घेईपर्यंत
नसतेच.

"याला क्रोम म्हणायचं?
ॲल्युमिनियमची नुसती वाफ धरलेली.
आमचं असं धुण्याच्या पाण्यात गेलं असतं
तर फोरमन डायकेमानं मलाच टांगला असता हुकाला."
खाली तांबं, वर निकेल, त्यावर क्रोम:
अजून बोटं मोडून दाखवतात,
जणू मला परीक्षेला बसायचंय.

माझे डोळे चुरचुरतात. मी खिडकी ढकलते, फटीतून बर्फ आत येतो.
बाबांना कसलाच वास येत नाही.
टाक्यांवरच्या धुक्यानं
त्यांच्या नाकाचा पडदा केव्हाच खाल्ला.
नाताळात पाहुणे जमले की ते
एका नाकपुडीतून दोरा घालून
दुसरीतून काढायचे.
आम्ही टाळ्या पिटायचो.
आई उठून भांडी घासायला लागायची, स्वच्छ भांडीसुद्धा.

मुलामा गेला, तरी पिवळट लाखेचा एक थर चिकटून राहतो.
तो दुसऱ्या बरणीत, दुसऱ्या औषधात, उद्यापर्यंत.
मग जुन्या टूथब्रशनं घासायचं,
चार पाण्यांतून काढायचं.
पितळ उघडं पडलं म्हणतात लोक.
इथं पितळही नाही,
राखाडी प्लॅस्टिक,
आणि साच्याचे दोन अर्धे जुळले तिथली शिवण,
जी चकाकीखाली कुणाला दिसली नव्हती.
बाबा ती ब्लेडच्या पाठीनं खरवडतात, श्वास रोखून.

चंदेरी रंगाची डबी मीच आणली होती.
ती ते बाजूला सारतात.
"पांढरा दे."

हो, आमचा पांढराच होता.
क्रोमला जास्तीचे पैसे पडायचे
आणि बाबांनी दुकानात हात हलवून नको म्हटलं होतं.
पाळीला शेकडो बंपर त्यांच्या पुढून जायचे, हुकांना लटकत,
प्रत्येकात त्यांचा चेहरा, रबरासारखा ताणलेला,
आणि संध्याकाळी ते
काहीच न दाखवणाऱ्या बंपरमागे बसून घरी यायचे.

रंग दुसऱ्या दिवशी सुकतो.
मेणबत्तीवर सुई तापवतात.
"पोचा डावीकडे होता ना? तो पार्किंगमधला?"
उजवीकडे, मी बोलून जाते.
"डावीकडून येऊन कुणीतरी ठोकून गेलं,
असं तू सांगितलं होतंस."

सुई हवेत थांबते. भट्टीही नेमकी आत्ताच बंद पडते.
मी सोळा वर्षांची होते, बाबा.
मिसेस हॉफस्ट्राची टपालपेटी होती.

"तरीच," ते म्हणतात, "तिच्या पेटीला
आठवडाभर पांढरा रंग लागलेला."
आणि उजव्या कोपऱ्यावर
सुई हलकेच टेकवतात.