धुराचं तोंड

गेट जीआयचं असलं की
पांढरा धूर, जिभेवर गोडसर चव
आणि रात्री दोन चादरींतही हुडहुडी.
उस्ताद म्हणायचे, गूळ खा.
सतरा वर्षं गूळ खाल्ला.

यंदा मजगावच्या भंगारातून
कूलरचा पंखा आणला, तीनशे ऐंशीला.
तेलाचा डबा कापून टोपडं केलं,
टांगलं डोक्यावर.
धूर गेला,
पण आधी माझ्या नाकासमोरून.

मग सिद्रायनं उदबत्ती लावली,
टेबलाभोवती फिरवत राहिला
देव कुठं बसलाय ते शोधत असल्यासारखा.
रेघ जिथं वाकली
तिथं खडूनं फुली.
टोपडं खाली आलं, बाजूला, वीतभर अंतरावर.

पाइप भिंतीतून काढला, तर
पलीकडं नीलव्वाच्या दोरीवर
पोरांचे युनिफॉर्म.
ती बोलली काही नाही,
नुसती एकेक कपडा काढत राहिली.
अजून दोन कोपरे, आठ फूट पत्रा,
छपराच्या वर.

संध्याकाळी पहिला टाका मारला.
रेघ वाकली, आत शिरली.
सिद्राय ओरडला, ‘होगे होगतैती!’
धुराला होगे, जाण्याला होगू.
त्याच्या भाषेत धूर म्हटलं की
निम्मा निघालेलाच.

रात्री बायकोनं सवयीनं
गुळाचा खडा पुढं केला.
चहात टाकला.